तालुक्याचा रविवारचा इंग्रजी क्लास: फक्त वेळेच्या शब्दांसाठी गेलो होतो, त्याचा पूर्ण अनुभव

रेटिंग आधी देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचलं तरी चालते, की शाळा सुटून दहा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला इंग्रजीतले वेळेचे बारके शब्द, म्हणजे इन, ऑन, ऐट, बाय, अंटिल, फॉर, सिन्स, हे नीट समजून घ्यायचे असतील तर आमच्या भागात मला तरी याच्यापेक्षा चांगली जागा दिसली नाही.

आता सविस्तर. माझं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. बारावीनंतर शिक्षण सुटलं, घरची शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन, तूर, आणि सोबत आमच्या इकडच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं काम पाहतो, माल घेणं, चाळणी, लोडिंग, बिलं आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांचे मेल. मागच्या वर्षी तुरीच्या डाळीचा एक लॉट बाहेरच्या राज्यात चालला होता, त्या व्यापाऱ्याच्या माणसाचा मेल आला, त्यात लिहिलं होतं, अवर व्हेइकल विल रीच यू इन टू डेज. मी वाचलं ‘दोन दिवसांत’. दोन दिवसांत म्हणजे उद्याही येऊ शकते, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सहा हमाल बोलावून ठेवले, पोती गोदामातून काढून बाहेर ओट्यावर थप्पी लावली, आणि दिवसभर गाडीची वाट पाहिली. चार वाजता ड्रायव्हरचा फोन लागला तर तो म्हणते मी तर अजून निघालोच नाही, उद्याचं बोलणं आहे. सहा जणांची दिवसाची मजुरी गेली, संध्याकाळी अवकाळीचा शिडकावा आला त्यात वरची पोती ओली झाली, ती पुन्हा पालटून वाळवावी लागली. गाडी आली ती बरोबर मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे, म्हणजे दोन दिवसांनी. मी तो मेल चार-पाच वेळा पुन्हा वाचला आणि मला त्यात माझं काय चुकलं हेच सापडत नव्हतं, कारण ‘इन’ म्हणजे ‘त’ हे तर पाचवीपासून पाठ आहे. इन द हाऊस घरात, इन द विलेज गावात, मग इन टू डेज दोन दिवसांत.

त्याच्यानंतर मी हा क्लास शोधला.

क्लास चालवणाऱ्या मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या आहेत, बॅचमधले वयस्कर काकाजी लोक त्यांना अजूनही बाई म्हणतात. बारा रविवार, सकाळी १० ते १, फी १,५०० रुपये, ती एकदम भरावी लागते. जागा म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानाच्या वरचा हॉल, वर टिनाचं छत. मी एप्रिल ते जूनच्या बॅचला होतो, त्यात पहिले चार रविवार बोलण्याचे, मधले सहा फक्त वेळेच्या शब्दांचे, आणि शेवटचे दोन अर्ज-मेल लिहिण्याचे. सहा रविवार फक्त वेळेवर? मलाही आधी जास्त वाटले. पण मॅडमचं म्हणणं असं की माणूस जागेच्या शब्दात चुकला तर समोरचा बोट दाखवून समजून घेते, वेळेत चुकला तर बोट कुठं दाखवणार, गाडी निघून जाते.

वेळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी व्याकरणाचं काहीच सांगितलं नाही. फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि विचारलं, तुमचं इंग्रजीतल्या वेळेपायी कधी काय बिघडलं ते एकेकानं सांगा. मी गाडीचं सांगितलं. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘दोन तासांत’ आणि ‘दोन तासांनी’, आणि म्हणाल्या की हा फरक तुमच्या घरातल्या लहान पोट्ट्यालाही समजते. ‘दोन तासांत नांगरून टाकलं’ म्हणजे काम करायला दोन तास लागले. ‘दोन तासांनी येतो’ म्हणजे दोन तास उलटल्यावर येतो. मराठीत दोन वेगळे प्रत्यय आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इन’च लागते. ही फिनिश्ड इट इन टू अवर्स, इथे ‘तासांत’. ही विल कम इन टू अवर्स, इथे ‘तासांनी’. येणं, जाणं, सुरू होणं, पुढे व्हायचं आहे असं काही असलं आणि ‘इन’ दिसलं की ‘नी’ लावून वाचा, ‘त’ लावून नाही. आणि खरंच ‘दोन दिवसांच्या आत, कधीही’ म्हणायचं असलं तर त्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, विदिन. विदिन टू डेज. माझ्या त्या मेलमध्ये विदिन नव्हतं.

एवढं साधं होतं. बारावीपर्यंत सात-आठ वर्षं इंग्रजी शिकलो, हे कोणी असं मराठीला जोडून सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी बाकी तासात काहीच ऐकू आलं नाही, मी ते दोन प्रत्ययच पाहत बसलो होतो.

या क्लासचं खरं वेगळेपण हेच आहे. बाकीकडे इंग्रजीचे नियम पाठ करून घेतात, इथे आधी आपण मराठीत, तेही वऱ्हाडीत, काय बोलतो ते फळ्यावर येते, आणि मग इंग्रजी तिथे कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही ते दाखवतात. मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात पक्की बसली, की मराठीत वेळेचं इंजिन डब्याच्या मागे लागते, दिवाळी-नंतर, सोमवार-पासून, पाच-पर्यंत, सकाळ-ई सकाळी, आणि इंग्रजीत ते समोर लागते, आफ्टर दिवाळी, सिन्स मंडे. शकुंतलेतून, म्हणजे आमच्या इकडच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीतून, मूर्तिजापूरपर्यंत गेलेले दोन काकाजी बॅचमध्ये होते, त्यांना ही इंजिनाची गोष्ट फार आवडली. एक शब्द मात्र इंग्रजीत आपल्यासारखा मागे लागते, तो म्हणजे अगो. टू इयर्स अगो. दोन वर्षांपूर्वी. तो मूळचा ‘गेलेलं’ या अर्थाचा शब्द, म्हणजे दोन वर्षं गेलेली, आपण ‘दोन वर्षं झाली त्याला’ म्हणतो तसंच.

दुसरा रविवार पूर्ण ‘पर्यंत’वर गेला आणि माझ्या मते अख्ख्या कोर्समधला हा सगळ्यात जास्त कामाचा दिवस आहे. मराठीत ‘पर्यंत’ एकच, इंग्रजीत बाय आणि अंटिल दोन, आणि ते एकमेकांच्या जागी टाकले तर अर्थ उलटा होते. मॅडमनी उदाहरण दिलं ते मोटरीचं. शेतीच्या लाइनचा टाइम आपल्याला माहीतच आहे, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळे वावरात मोटरीवर फोन करून करून सांगावं लागते. ‘पाचपर्यंत मोटर बंद कर’ आणि ‘पाचपर्यंत मोटर बंद ठेव’ यात काय फरक आहे? हॉलमधल्या सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, पहिल्यात पाच वाजायच्या आधी कधीतरी बटन दाबायचं, दुसऱ्यात आता बंद आहे ती पाच वाजेस्तोवर चालू करायची नाही. मग मॅडम म्हणाल्या, बस, ‘कर’ असेल, ‘टाक’ असेल तर बाय, आणि ‘ठेव’, ‘राहा’, ‘थांब’ असेल तर अंटिल. स्विच इट ऑफ बाय फाइव्ह. कीप इट ऑफ अंटिल फाइव्ह. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरून टाका, बाय फ्रायडे. ऑफिस शुक्रवारपर्यंत चालू राहील, अंटिल फ्रायडे. म्हणजे फरक आपल्याकडेही आहे, फक्त आपण तो क्रियापदात ठेवला आणि त्यांनी समोरच्या इंजिनात.

माझ्या बाजूला बसणाऱ्या काकाजींनी विचारलं, “बाई, मंग ‘पाच वाजल्याशिवाय येनार नाही’ याले काय म्हनायचं?” मॅडम म्हणाल्या, ‘नॉट अंटिल’. ही वोंट कम अंटिल फाइव्ह. बँक दहा वाजल्याशिवाय उघडत नाही, द बँक डझंट ओपन अंटिल टेन. आपलं ‘वाजल्याशिवाय नाही’ तिथे असं दोन शब्दांत होते. काकाजींनी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या रविवारी बरोबर वापरून दाखवलं.

याच दिवशी सरकारी आणि बँकेच्या कागदांची भाषा घेतली. ऑन ऑर बिफोर म्हणजे त्या तारखेला किंवा आधी, ती तारीख धरून. नुसतं बिफोर असलं तर ती तारीख धरायची नाही, आदल्या दिवसापर्यंतच. नॉट लेटर दॅन म्हणजे ती तारीख चालते, त्याच्यानंतर नाही. विथ इफेक्ट फ्रॉम म्हणजे अमुक तारखेपासून लागू. विदिन सेव्हन डेज ऑफ रिसीट म्हणजे कागद तुमच्या हातात पडल्यापासून सात दिवस, कागदावर जी तारीख छापली आहे तिथून नाही, म्हणून नोटीस हातात घेताना सही करतो तिथे तारीख टाकायची, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. आपण मराठीत ‘३१ जुलैच्या आत’ म्हणतो तेव्हा ३१ धरायची का नाही हा घोळ असतोच, खरीपाच्या पीकविम्याची शेवटची तारीख सहसा ३१ जुलैच असते आणि दरवर्षी सेंटरवर कोणीतरी एकजण विचारते की आज चालते का. मी आता कोणताही इंग्रजी कागद आला की पहिले तारखेच्या समोर लागलेला शब्द पाहतो, तारीख नंतर.

तिसऱ्या रविवारी ‘पासून’. इथेही मराठीत एक, इंग्रजीत दोन. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’, आपल्याला दोन्ही सारखेच, पण इंग्रजीत सिन्स मंडे आणि फॉर थ्री डेज. आपले सगळे लोक, शिकलेले सुद्धा, सिन्स थ्री डेज म्हणतात, तिथे ‘पासून’ डोक्यात असते म्हणून. मॅडमची खूण अशी: कॅलेंडरवर बोट ठेवता येते तर सिन्स, मोजावं लागते तर फॉर. सोमवारवर बोट ठेवता येते. २०१९ वर ठेवता येते. पोळ्यावर ठेवता येते. ‘तीन दिवस’ यावर बोट ठेवता येत नाही, ते मोजायचं माप आहे, जसं तीन क्विंटल. आणि सोबत क्रियापद बदलते ते सांगताना त्यांनी आपल्या बोलीचा असा उपयोग केला की मी थक्क झालो. पुण्याकडचे लोक ‘करत आहे’ म्हणतात, आपण ‘करून राहिलो’ म्हणतो ना, त्यावर शहरात आपल्याला लोक हसतात. मॅडम म्हणाल्या, हेच ‘करून राहिलो’ धरून ठेवा. मी पाच वर्षांपासून काम करून राहिलो, आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स. हॅव बीन म्हणजे राहिलो. आधीपासून सुरू आहे आणि अजून सुरूच आहे, ही भावना आपल्या ‘राहिलो’त आधीपासूनच आहे. मागे बसलेल्या दोन मुली, नर्सिंगला ॲडमिशन घ्यायच्या तयारीत होत्या, त्यांनी तिथल्या तिथे सहा वाक्यं बरोबर बनवली, पेशंटला ताप किती दिवसांपासून आहे, दुखणं कधीपासून आहे, सगळी.

इन, ऑन, ऐटचा चौथा रविवार मला तुलनेनं सोपा गेला, कारण तो शाळेत थोडा झालेला होता. घड्याळाचा काटा ऐट, दिवस आणि तारीख ऑन, त्याच्यापेक्षा मोठं सगळं, महिना, वर्ष, ऋतू, इन. ऐट म्हणजे टाचणीचं टोक, ऑन म्हणजे कॅलेंडरचा चौकोन, इन म्हणजे कणगी, जिच्या आत पुष्कळ काही मावते. मृगात पेरणी, तर मृग ही चौदा-एक दिवसांची कणगी, म्हणून इन, आणि मृग लागते ७ जूनच्या आसपास, तर तिथे अराउंड. बुधवारी बाजार असतो, दर बुधवारी असतो, तर ऑन वेन्सडेज, शेवटी एक स लावला की ‘दर’ आपोआप आला. हे सगळं बरोबर. पण जिथे खूण तुटते तिथे मॅडम थांबल्या हे मला आवडलं. सकाळी, दुपारी, रात्री, आपल्याला तिन्ही सारखेच, ‘ई’ लावला की झालं, तिकडे मात्र इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून आणि एकदम ऐट नाइट. रात्र काही टाचणीएवढी नसते, पण ते लोक असंच बोलतात, ते तसंच घ्यावं लागते. आणि सकाळच्या समोर वार लागला की वाराची सत्ता चालते, ऑन मंडे मॉर्निंग. सणांचंही तसंच, दिवाळी म्हणजे चार-पाच दिवसांचा सण तर इंग्रजीत ऐट दिवाळी, पण पोळ्याच्या दिवशी म्हटलं तर ऑन द डे ऑफ पोळा, कारण ‘दिवस’ आला. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्या समोर इंजिन लावायचंच नाही. ऑन नेक्स्ट मंडे असं आपण सगळे लिहितो, मी तर मेलमध्ये कित्येकदा लिहिलं आहे, ते नुसतं नेक्स्ट मंडे पाहिजे.

एक जागा अशी निघाली की जिथे मराठी आणि इंग्रजी तंतोतंत जुळतात. वेळेवर म्हणजे ऑन टाइम. वेळेत म्हणजे इन टाइम. ‘बस वेळेवर आली’, जो टाइम होता त्याच टाइमला. ‘डॉक्टरकडे वेळेत पोचलो’, उशीर व्हायच्या आधी पोचलो. ‘वर’ला ऑन, ‘त’ला इन, अर्थही तोच. हे फळ्यावर आलं तेव्हा हॉलमध्ये एकदम शांतता झाली. दोन इतक्या दूरच्या भाषांनी वेळेला जागा समजूनच हे शब्द लावले, कशाच्या वर, कशाच्या आत, हे समोर दिसत होतं.

पाचव्या रविवारी घड्याळ. क्वार्टर पास्ट म्हणजे सव्वा, हाफ पास्ट म्हणजे साडे, क्वार्टर टू म्हणजे पावणे, हे सगळ्यांना येत होतं, म्हणून मॅडमनी यावर फार वेळ घालवला नाही, पण ब्रिटनचे लोक बोलताना ‘हाफ फाइव्ह’ म्हणतात तेव्हा ते साडेपाच असते, साडेचार नाही, हे मला नवीन होतं. अमेरिकेत पास्टच्या जागी आफ्टर आणि टूच्या जागी ऑफ सुद्धा चालते. ओ’क्लॉक मधला ‘ओ’ म्हणजे ‘ऑफ द’, ऑफ द क्लॉक, घड्याळाच्या हिशोबानं पाच, कारण पूर्वी वेळ सूर्यावरूनही सांगत. टुडे आणि टुमारो यांतला ‘टु’ हा सुद्धा असाच समोर लागलेला जुना शब्द, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छापील इंग्रजीत तो मधे आडवी रेघ देऊन वेगळा दाखवत. मारो म्हणजे सकाळ. आपण रात्री कोणाच्या घरून निघताना ‘सकाऊन येतो’ म्हणतो तेव्हा उद्याच म्हणत असतो, तर त्यांच्या शब्दातही तेच दडलेलं आहे. याचा मेल लिहिताना काही उपयोग नाही, पण मी घरी येऊन आईला सांगितलं आणि तिलाही ते पटलं.

ए.एम. आणि पी.एम. म्हणजे लॅटिनमधलं माध्यान्हाआधी आणि माध्यान्हानंतर, त्यावरून रात्री बाराचा विषय निघाला आणि बॅचमधल्या एका ताईनं रेल्वेचं सांगितलं. त्यांचं धामणगाववरून १२ तारखेचं तिकीट होतं, गाडी ००:२०. त्या १२ तारखेच्या रात्री स्टेशनवर गेल्या. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती, कारण रात्री बारा वाजले की तारीख पालटते, १२ तारखेची ००:२० ची गाडी पकडायला घरून ११ तारखेच्या रात्री निघावं लागते. मॅडमनी ते इंग्रजीत असं लिहिलं, द ट्रेन लीव्ज ऐट ट्वेंटी पास्ट मिडनाइट, ऑन द नाइट ऑफ द इलेव्हन्थ. आपल्या हिशोबात रात्र आदल्या दिवसाची असते, तिकिटाच्या हिशोबात ती दुसऱ्या दिवसाची झालेली असते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं तिकीट असेल तर आत्ताच पाहून घ्या. स्टेशनवर ‘रनिंग लेट बाय टू अवर्स’ म्हणतात त्यातला बाय मात्र वेगळा, तो ‘पर्यंत’ नाही, ‘नी’, दोन तासांनी उशिरा.

मीटिंगचं एक उदाहरण सांगतो आणि शिकवण्याचं पुरे करतो. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती कधी? आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी शुक्रवार सांगितलं, कारण आपल्याकडे ‘पुढे ढकलली’ म्हणजे उशिरा. पण हाच प्रश्न जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना संशोधकांनी विचारून पाहिला आहे आणि त्यांच्यातच दोन तट पडतात, काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. म्हणून मॅडमचा सल्ला, कोणी फॉरवर्ड म्हटलं की ताबडतोब वार विचारून घ्या. प्रीपोन हा शब्द आपण भारतीयांनीच रूढ केला, पोस्टपोनच्या उलट, आपल्यात बोलताना तो चांगला आहे, बाहेरच्या व्यापाऱ्याला लिहिताना सरळ ‘बुधवारऐवजी सोमवारी’ असं लिहावं.

आता अर्धा स्टार कशाचा.

एक तर जागा. वीस जणांच्या हॉलमध्ये आम्ही बत्तीस जण होतो. मे महिन्यात टिनाखाली बारा वाजल्यानंतर डोकं चालत नाही, लाइन गेली की पंखे बंद, इन्व्हर्टर नाही. १,५०० रुपये घेतात तर निदान एक कूलर पाहिजे. बायकांसाठी खाली दुकानाचं बाथरूम वापरावं लागते आणि दुकान रविवारी कधी बंद असते, ही अडचण मुलींनी सांगितली तेव्हा मॅडमनी ऐकून घेतली पण शेवटपर्यंत काही झालं नाही. दुसरं, छापील नोट्स मिळत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घ्यावं लागते, आणि ज्या काकाजींचा हात हळू चालतो त्यांचं अर्धं राहून जाते. आम्ही काही जण फोटो काढून ग्रुपवर टाकत होतो, ते काम क्लासनं करायला पाहिजे.

तिसरं शिकवण्यातलंच आहे. सहाव्या रविवारी ड्युरिंग, व्हाइल, थ्रू, ओव्हर हे सगळं घाईत उरकलं. ड्युरिंग आणि फॉरचा फरक, म्हणजे ‘पावसाळ्यात कधी’ आणि ‘किती दिवस’ हा, फार महत्त्वाचा आहे, त्याला वीस मिनिटंही मिळाली नाहीत. आणि ऑन द वीकेंड हे चूकच आहे, ऐट द वीकेंडच पाहिजे असं मॅडमनी ठामपणे सांगितलं, ते मला पटलं नाही. माझा मावसभाऊ पुण्यात अमेरिकन कंपनीचं काम करते, तिकडे सगळे ऑन द वीकेंडच लिहितात. ऐट हे ब्रिटिश, ऑन हे अमेरिकन, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तसंच अमेरिकन लोक मंडे थ्रू फ्रायडे लिहितात, त्यात शुक्रवार नक्की धरलेला असते, हे माल पाठवणाऱ्याला माहीत असणं गरजेचं आहे आणि ते क्लासमध्ये आलंच नाही. मी मॅडमना नंतर भेटून सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं, म्हणाल्या पुढच्या बॅचला दोन्ही सांगीन. रिटायर झालेल्या शिक्षिकेनं विद्यार्थ्याचं असं ऐकून घेणं मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं, म्हणून कापताना पूर्ण एक न कापता अर्धाच कापला.

कोणी जावं? ज्याला फाडफाड इंग्रजी बोलायचं आहे, मुलाखतीची तयारी करायची आहे, त्यानं यवतमाळला जावं, इथे बोलण्याचा सराव कमी पडते. पण ज्याला मेल येतात, नोटिसा येतात, औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचायचं आहे, मुलांच्या ॲडमिशनच्या तारखा पाहायच्या आहेत, त्यानं नक्की जावं. आमच्या कंपनीत आता मी गोदामातल्या फळ्यावर चार ओळी लिहून ठेवल्या आहेत, इन म्हणजे इतक्या दिवसांनी, विदिन म्हणजे इतक्या दिवसांच्या आत, बाय म्हणजे त्या दिवसापर्यंत करून टाकायचं, अंटिल म्हणजे त्या दिवसापर्यंत चालू ठेवायचं. मी नसलो तरी मेल वाचणारा पोट्टा आधी फळ्याकडे पाहते. मागच्या महिन्यात ‘इन फोर डेज’ आलं, आम्ही हमाल चौथ्या दिवशीच बोलावले, गाडी दुपारी दोनला लागली आणि पाचच्या आधी भरून निघाली.

पुढची बॅच दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होणार असं मॅडमनी सांगितलं आहे. तेव्हा वेचणीचे दिवस असतात, त्यामुळे कास्तकारांना सकाळी १० जमेल का हे त्यांनी विचारलं होतं, आमच्या गावातल्या चौघांनी दुपारी २ सांगितलं, तुम्हीही नाव देताना टाइम सांगा, जिकडे जास्त लोक तिकडे त्या ठेवतील. दारव्हा बसस्टँडवरून पायी दहा मिनिटं लागतात. पाण्याची बाटली आणि जाड वही सोबत न्या, आणि जमलं तर पुढच्या तीन बाकांवर बसा, मागे फळ्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत.